विश्लेषण : नाताळच्या सुट्टीत बर्फ मिळेल का? जुन्या हिमवृष्टीच्या नोंदी पाहून सहल कशी ठरवावी?

दिवाळी संपली की भिवंडी, कल्याण, ठाणे पट्ट्यात पुढच्या सहलीची चर्चा सुरू होते. नाताळच्या सुट्टीत काश्मीर किंवा मनालीला गेलो तर बर्फ मिळेल का, हा प्रश्न त्यात हमखास असतो. टूर कंपनीच्या जाहिरातीत बर्फ असतोच. प्रत्यक्षात तो नसेल, तर चौघांच्या कुटुंबाची वर्षभराची बचत तपकिरी डोंगर पाहण्यात खर्च होते. या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे कुणालाच देता येत नाही. ‘दहापैकी किती वेळा’ असे मात्र देता येते. त्यासाठी लागणाऱ्या बऱ्याच जुन्या नोंदी आज मोबाइलवर, पैसे न भरता पाहता येतात. त्या कशा वाचायच्या आणि त्यावर किती विसंबायचे, ते पाहू.

हवामानाचा अंदाज असताना जुन्या नोंदी कशाला?

कारण बुकिंग आणि अंदाज यांच्या वेळा जुळत नाहीत. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते; त्यापूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. म्हणजे २५ डिसेंबरच्या गाडीचे आरक्षण २६ ऑक्टोबरला सुरू होते आणि सुट्टीच्या गाड्या पहिल्या काही तासांतच भरतात. विमान आणि हॉटेलचे दरही नोव्हेंबरपासून चढू लागतात.

दुसरीकडे, भारतीय हवामान विभागाचा दिवसवार अंदाज साधारण सात दिवसांचा असतो. दर गुरुवारी विभाग पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाजही देतो. पण त्यातून एखाद्या भागात नेहमीपेक्षा जास्त की कमी, एवढाच कल कळतो. २७ डिसेंबरला गुलमर्गला बर्फ असेल का, हे त्यातून कळत नाही. म्हणजे पैसे भरण्याचा दिवस आणि विश्वासार्ह अंदाज मिळण्याचा दिवस यांत सुमारे ५० दिवसांचे अंतर राहते. या काळात हाताशी फक्त मागचा अनुभव असतो.

भिवंडीतल्या यंत्रमागधारकाला हा हिशेब नवा नाही. पुढच्या महिन्यात नेमकी कोणत्या दिवशी वीज जाईल हे त्याला माहीत नसते. पण गेल्या काही वर्षांत याच महिन्यात किती दिवस लूम बंद राहिले ते त्याला ठाऊक असते आणि तेवढे दिवस धरूनच तो माल देण्याची तारीख सांगतो. बर्फाच्या बाबतीतही हेच करायचे आहे.

हिमालयात बर्फ पडतो कसा?

आपल्याकडचा मोसमी पाऊस जूनमध्ये येतो आणि चार महिने मुक्काम करतो. हिमालयातल्या बर्फाचे तसे नाही. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या परिसरातून पश्चिमी झंझावात, म्हणजेच वेस्टर्न डिस्टर्बन्स, पूर्वेकडे सरकतात. इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून ते काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडपर्यंत पोहोचतात. महिन्याला साधारण चार ते सहा झंझावात येतात, पण सगळे जोरदार नसतात. काही नुसते ढग आणतात, तर काही दोन दिवसांत सगळे रस्ते बंद करतात.

म्हणजे बर्फ हप्त्यांनी येतो. दोन हप्त्यांच्या मध्ये आठ-दहा दिवस स्वच्छ ऊनही असू शकते. त्यामुळे ‘डिसेंबरमध्ये बर्फ पडतो’ हे विधान खरे असले, तरी ‘आपण जाऊ त्या चार दिवसांत बर्फ असेल’ ही वेगळी गोष्ट आहे.

काश्मीरच्या लोकपरंपरेत याचे जुने वेळापत्रक आहे. २१ डिसेंबरपासून ४० दिवसांचा ‘चिल्लई कलां’ हा सर्वांत कडक थंडीचा काळ. त्यानंतर २० दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटी १० दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’. कित्येक पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेली ही एक प्रकारची हवामान नोंदच आहे. चिल्लई कलांच्या काळात पडलेला बर्फ थंडीमुळे टिकतो आणि त्यावर पुढचे थर चढत जातात. त्यामुळे साठा वाढतो तो या काळात आणि त्यानंतर. नाताळ येतो तेव्हा हा काळ नुकताच सुरू झालेला असतो.

मागच्या हिवाळ्यांत काय घडले?

लागोपाठचे दोन हिवाळे पाहिले तरी अडचण लक्षात येते. २०२३-२४ च्या हंगामात डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारीचा बहुतेक काळ काश्मीरमध्ये कोरडा गेला. जानेवारी २०२४ मध्ये ओमर अब्दुल्ला यांनी गुलमर्गच्या उघड्या उतारांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकली, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली. महिनाअखेरीस बर्फ सुरू झाला आणि २१ ते २५ फेब्रुवारीदरम्यान तिथेच ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा पार पडल्या.

पुढच्या वर्षी उलटे घडले. २७ डिसेंबर २०२४ च्या सुमारास काश्मीर आणि हिमाचलमध्ये जोरदार हिमवृष्टी झाली. मनालीजवळच्या सोलंग नाल्यात सुमारे पाच हजार पर्यटक अडकले आणि त्यांची सुटका करावी लागली. नंतर मात्र काश्मीरमध्ये बर्फाची ओढ लागली. २२ ते २५ फेब्रुवारी २०२५ दरम्यान गुलमर्गला होणाऱ्या खेलो इंडिया स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या. फेब्रुवारीच्या अखेरीस पुन्हा मोठा झंझावात आला. २८ फेब्रुवारीला उत्तराखंडमधील माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या छावणीवर हिमस्खलन होऊन आठ जणांचा मृत्यू झाला. लांबलेल्या स्पर्धा ९ ते १२ मार्चला झाल्या.

डिसेंबर २०२३ मध्ये गेलेला शेजारी सांगेल, ‘काही बर्फबिर्फ नसतो.’ डिसेंबर २०२४ मध्ये गेलेला सांगेल, ‘इतका बर्फ की गाडीत रात्र काढली.’ दोघेही खरेच बोलत आहेत. पण एका वर्षाच्या अनुभवावरून सहल ठरवता येत नाही.

सरासरी का फसवते?

जुन्या नोंदी म्हटले की बहुतेक संकेतस्थळे सरासरी दाखवतात. सरासरीचा घोटाळा समजून घ्यायला मुंबईच्या मोसमी पावसाचे उदाहरण पुरेसे आहे. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. प्रत्यक्षात २०१९ ते २०२५ या सात वर्षांत तो अनुक्रमे २५ जून, १४ जून, ९ जून, ११ जून, २५ जून, ९ जून आणि २६ मे रोजी दाखल झाला. नेमक्या ११ तारखेला तो एकदाच आला. चार वर्षे तो या तारखेच्या तीन दिवस मागेपुढे होता आणि तीन वर्षे दोन आठवडे किंवा त्याहून अधिक चुकला. ११ जून ही तारीख चुकीची नाही, पण तिच्या भरवशावर ८ जूनला मैदानात मांडव घालणारा सातपैकी एकदा भिजला असता आणि ५ जुलैपर्यंत टँकर न मागवणाराही काही वर्षे अडचणीत आला असता.

बर्फाच्या बाबतीत सरासरी आणखी फसवी असते, कारण एकच मोठे वर्ष आकडा फुगवते. समजा, एखाद्या ठिकाणी पाच वर्षांत २६ डिसेंबरला साचलेला बर्फ ०, ५, ०, ९० आणि १० सेंमी होता. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. त्यांची सरासरी २१ सेंमी येते. वाचणाऱ्याला वाटेल, वीतभर बर्फ तर नक्की मिळेल. प्रत्यक्षात पाचपैकी एकाच वर्षी २० सेंमीहून जास्त बर्फ होता आणि दोन वर्षे जमीन पूर्ण उघडी होती.

म्हणून ‘सरासरी किती’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘आपल्याला हवा तेवढा बर्फ किती वर्षी होता’ हे मोजावे. वरच्या उदाहरणात उत्तर आहे, पाचपैकी एक वर्ष.

नोंद नेमकी कोणत्या जागेची हवी?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तर त्याच दिवशी कुलाब्याला फक्त ७४ मिलिमीटर. एकाच शहरातली दोन केंद्रे, त्यातही सपाट किनारपट्टीवरची. डोंगरात तर फरक याहून मोठा पडतो, कारण तिथे उंची बदलते.

हवेचे तापमान उंचीनुसार दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर आहे आणि गुलमर्गचे मैदान सुमारे २,६५० मीटरवर. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला, म्हणजे सुमारे ३,०८० मीटरवर सोडतो, तर दुसरा टप्पा अफरवटच्या उतारावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. गुलमर्गच्या मैदानापासून वरच्या टप्प्यापर्यंत १,३०० मीटरचा फरक आहे. याचा अर्थ खाली तीन अंश तापमान असून पाऊस पडत असेल, तेव्हा वर उणे पाच अंशांत बर्फ पडत असतो. जाहिरातीत ‘गुलमर्ग’ एवढेच लिहिलेले असते. पण मैदानातल्या घसरगाडीला लागणारा बर्फ आणि अफरवटचा बर्फ यांचे हिशेब वेगळे आहेत.

हिमाचलातही तसेच. मनाली गाव सुमारे २,०५० मीटरवर आणि सोलंग सुमारे २,५०० मीटरवर आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून पलीकडे गेले की लाहौलमधले सिस्सू ३,१०० मीटरच्या आसपास आहे. ‘मनालीला बर्फ नाही’ आणि ‘सिस्सूला भरपूर बर्फ’ या दोन्ही बातम्या एकाच दिवशी खऱ्या असू शकतात.

उत्तराखंडमधील औलीचे उतार साधारण २,५०० ते ३,०५० मीटरदरम्यान आहेत. २०११ मध्ये तिथे दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या होत्या. त्याच औलीत २०२३ मध्ये राष्ट्रीय पातळीच्या स्पर्धा बर्फ नसल्याने रद्द कराव्या लागल्या. जोशीमठची जमीन खचू लागल्यानंतर जानेवारी २०२३ पासून जोशीमठ-औली रोपवेही बंद करण्यात आला. त्यामुळे औलीचा जुना प्रवास वृत्तांत वाचून बेत आखणाऱ्यांनी वर जाण्याची आजची सोय आधी विचारून घ्यावी.

जुन्या नोंदी कुठे पाहायच्या?

पहिला स्रोत हवामान विभागाचा. विभागाचे राष्ट्रीय विदा केंद्र पुण्यात आहे आणि केंद्रनिहाय जुनी आकडेवारी तिथून मागवता येते. श्रीनगर, शिमला आणि डेहराडून येथील हवामान केंद्रे हिवाळ्यात रोजची पत्रके काढतात. त्यात गुलमर्ग, पहलगाम, मनाली, केलाँग अशा ठिकाणच्या नोंदी येतात.

दुसरा स्रोत ‘रीअ‍ॅनालिसिस’चा. जगभरातल्या जुन्या निरीक्षणांवर संगणकीय प्रारूप चालवून मागच्या प्रत्येक तासाचे हवामान पुन्हा उभे केले जाते. युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमातला ‘ईआरए५’ हा संच १९४० पासूनचा आहे. ‘ओपन-मेटिओ’सारख्या संकेतस्थळावर ठिकाण आणि तारखा टाकल्या की अशा संचांतली हिमवृष्टी, तापमान आणि साचलेल्या बर्फाची जाडी विनामूल्य उतरवून घेता येते.

मात्र त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. ईआरए५ची एक चौकट साधारण ३१ किलोमीटर लांब-रुंद असते. गुलमर्गच्या चौकटीत खालचे खोरेही येते आणि वरची शिखरेही, मग प्रारूप त्या सगळ्याची एकच उंची धरते. त्यामुळे त्यातले सेंटिमीटर शब्दशः घेऊ नयेत. कोणते वर्ष कोरडे आणि कोणते भरपूर बर्फाचे, ही तुलना करायला हा संच चांगला आहे.

तिसरा स्रोत सर्वांत सोपा : उपग्रहाची छायाचित्रे. नासाच्या ‘वर्ल्डव्ह्यू’ संकेतस्थळावर २००० सालापासूनची रोजची चित्रे आहेत. गुलमर्गवर नकाशा आणायचा, तारीख २६ डिसेंबर ठेवायची आणि एकेक वर्ष मागे जायचे. साध्या चित्रात ढग आणि बर्फ दोन्ही पांढरे दिसतात; ‘७-२-१’ ही बँडची जोडी निवडली की बर्फ निळसर दिसतो आणि बहुतेक ढग पांढरे राहतात. जास्त बारकाईने पाहायचे असेल तर युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची, १० मीटरपर्यंतचा तपशील दाखवणारी चित्रे २०१५ पासून उपलब्ध आहेत. उपग्रहावरून जाडी कळत नाही, पण जमीन पांढरी होती की तपकिरी, हे स्पष्ट दिसते.

हा हिशेब घरी कसा मांडायचा?

एक कागद किंवा एक्सेल शीट पुरते. पाच पायऱ्या आहेत.

एक, गरज ठरवा. मुलांना बर्फात खेळायचे आहे, स्कीइंग शिकायचे आहे की फक्त बर्फ पाहायचा आहे? पाहण्यासाठी वरचे पांढरे डोंगर पुरतात. घसरगाडीसाठी मैदानात वीतभर तरी साचलेला बर्फ हवा आणि स्कीइंगला त्याहून बराच जास्त.

दोन, हिमवृष्टी आणि साचलेला बर्फ यांत गल्लत करू नका. काल पाच सेंमी पडला आणि आज उन्हात वितळला, तर नोंदीत हिमवृष्टी दिसेल, पण जमिनीवर चिखल असेल. सहलीसाठी साचलेल्या बर्फाची नोंद महत्त्वाची. काही ठिकाणी आकडे पाण्याच्या मिलिमीटरमध्ये असतात. ढोबळमानाने १० मिलिमीटर पाणी म्हणजे १० सेंमी ताजा बर्फ.

तीन, एकच तारीख न पाहता तिच्या मागचे-पुढचे तीन दिवस धरून आठवडा घ्या आणि किमान दहा हिवाळे पाहा. प्रत्येक वर्षासमोर ‘पुरेसा’, ‘थोडा’ किंवा ‘नाही’ एवढेच लिहा. एका आठवड्याचे सात दिवस म्हणजे सात वेगळे पुरावे नव्हेत. सोमवारी साचलेला बर्फच मंगळवारी दिसतो. म्हणून एका वर्षाला एकच खूण द्या.

चार, शेवटची पाच वर्षे वेगळी मोजा. आधीच्या पाच वर्षांपेक्षा ती कोरडी दिसत असतील, तर अलीकडच्या वर्षांना जास्त वजन द्या.

पाच, दहा वर्षांच्या तक्त्याकडून त्याच्या ताकदीपेक्षा जास्त मागू नका. एका आठवड्याला सहा खुणा आणि दुसऱ्याला सात मिळाल्या तर तो फरक नाही. दोन आणि आठ असा फरक असेल, तर निर्णय बदलावा.

स्पर्धांच्या तारखा काय सांगतात?

एवढा खटाटोप करायचा नसेल, तर ज्यांचे काम बर्फावर चालते त्यांचे वेळापत्रक पाहावे. गुलमर्गला खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांची पहिली पाच आयोजने अशी झाली : २०२० मध्ये ७ ते ११ मार्च, २०२१ मध्ये २६ फेब्रुवारी ते २ मार्च, २०२३ मध्ये १० ते १४ फेब्रुवारी, २०२४ मध्ये २१ ते २५ फेब्रुवारी आणि २०२५ मध्ये ९ ते १२ मार्च. पाचही वेळा स्पर्धा १० फेब्रुवारी ते १२ मार्च या पट्ट्यात बसल्या. डिसेंबर किंवा जानेवारीत एकदाही नाही. ज्यांना शेकडो खेळाडू आणायचे असतात ते जोखीम सर्वांत कमी असलेले आठवडे निवडतात. तरीही २०२५ मध्ये त्यांना तारीख बदलावी लागली.

गुलमर्गची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आणि मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था यांचे स्कीइंगचे वर्गही मुख्यतः जानेवारी ते मार्च या काळात भरतात. शिकण्यासाठी जाणाऱ्याने याच काळाचा विचार करावा.

मग डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी की मे?

इथे शाळेचे वेळापत्रक आडवे येते. नाताळची सुट्टी सोयीची, पण मैदानातल्या बर्फाच्या दृष्टीने सर्वांत बेभरवशाची. नाताळलाच जायचे असेल, तर उंचीचा आधार घ्यावा : गुलमर्गला गेल्यास गोंडोलाचे वरचे टप्पे, मनालीला गेल्यास सिस्सूचा एक दिवस. फक्त मैदानावर विसंबलेली सहल नाताळात जुगार ठरते.

२६ जानेवारीच्या सुमारास चिल्लई कलां संपत आलेला असतो, त्यामुळे साठा होण्याची शक्यता नाताळपेक्षा बरी. २०२६ मध्ये २६ जानेवारी सोमवारी आल्याने शनिवार-रविवार जोडून सुट्टी मिळाली. अर्थात २०२४ चा जानेवारी विसरू नये.

बर्फ हेच मुख्य उद्दिष्ट असेल, तर गुलमर्गसाठी फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा पहिला आठवडा सर्वांत चांगला. घरात दहावी-बारावीचे विद्यार्थी असतील तर हा काळ बादच, कारण राज्य मंडळाच्या परीक्षा तेव्हाच असतात. बाकीच्यांना शाळेतून चार दिवसांची रजा घ्यावी लागेल.

चौथा पर्याय बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बर्फाला फक्त हात लावायचा असेल तर मे महिन्याची सुट्टीही चालते. ३,९७८ मीटरवरच्या रोहतांग खिंडीत हिवाळ्यात साठलेला बर्फ बहुतेक वर्षी मे महिन्यात रस्त्याच्या कडेला उभा असतो. नव्या हिमवृष्टीवर अवलंबून राहावे लागत नाही. मात्र खिंड उघडण्याची तारीख दरवर्षी बदलते, राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानुसार रोज १,२०० पर्यटक वाहनांनाच परवाना मिळतो आणि मंगळवारी देखभालीसाठी रस्ता बंद असतो. हे सगळे धरून मनालीत एक जादा दिवस ठेवावा.

हवामान बदलत असताना जुन्या नोंदींवर किती विसंबायचे?

हा प्रश्न नवा नाही आणि त्याचा एक धागा पुण्यात आहे. शिवाजीनगरचे ‘शिमला ऑफिस’ अनेकांनी बाहेरून पाहिले असेल. हवामान विभागाचे मुख्यालय १९०५ मध्ये शिमल्याला गेले आणि १९२८ मध्ये तिथून पुण्याला आले, म्हणून इमारतीला हे नाव पडले. या विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फाच्या नोंदींचा उपयोग मोसमी पावसासाठी करून पाहिला. हिमालयात बर्फ जास्त पडला की पुढचा पाऊस कमी, असा संबंध त्यांनी १८८४ मध्ये मांडला आणि १८८६ पासून त्यावर आधारित दीर्घकालीन अंदाज सुरू झाले. म्हणजे भिवंडीत पडणाऱ्या पावसाचा अंदाज एके काळी हिमालयातल्या जुन्या बर्फावरून बांधला जात होता. पण हा संबंध दरवर्षी टिकला नाही. १८९९ च्या भीषण दुष्काळाची चाहूल ब्लॅनफर्ड यांचे उत्तराधिकारी जॉन एलियट यांच्या अंदाजाला लागली नाही.

आज तर पायाच हलतो आहे. काठमांडूच्या ‘इसिमोड’ या संस्थेच्या पाहणीनुसार २०२४-२५ च्या हिवाळ्यात हिंदुकुश-हिमालय पट्ट्यात बर्फ जमिनीवर टिकण्याचे प्रमाण नेहमीपेक्षा २३.६ टक्के कमी होते. २३ वर्षांतला तो नीचांक होता. त्यामुळे आजोबांच्या काळातली छायाचित्रे किंवा १९८० च्या दशकाची सरासरी आजच्या सहलीला उपयोगाची नाही. दहा-पंधरा वर्षांपलीकडच्या नोंदी माहितीसाठी वाचाव्यात, हिशेबात धरू नयेत.

बर्फ जास्त पडला तर?

जुन्या नोंदी पाहताना कोरड्या वर्षांइतकेच लक्ष अति हिमवृष्टीच्या वर्षांकडे द्यायला हवे. पर्यटकाच्या दृष्टीने ‘चांगला’ झंझावातच रस्ते आणि विमानतळ बंद करतो. तंगमर्ग-गुलमर्ग रस्त्यावर ताजा बर्फ असताना साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्याच सोडल्या जातात. म्हणून परतीच्या प्रवासाआधी एक दिवस मोकळा ठेवणे ही चैन नव्हे.

अफरवटच्या उतारांवर १ फेब्रुवारी २०२३ रोजी हिमस्खलनात पोलंडच्या दोन स्कीपटूंचा मृत्यू झाला. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी, म्हणजे स्पर्धा सुरू असतानाच, एका रशियन स्कीपटूचा बळी गेला. कोरड्या काळानंतर एकदम मोठा थर पडला की तो खालच्या थराला नीट चिकटत नाही आणि धोका वाढतो. डीआरडीओची डीजीआरई ही संस्था हिवाळ्यात हिमस्खलनाचे इशारे देते. ते सुरू असताना आखलेल्या उतारांबाहेर पाऊल टाकू नये.

सुरक्षिततेच्या काही बाबी कोणत्याही हवामान नोंदीत येत नाहीत. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यातील २६ मृतांमध्ये आपल्या शेजारच्या डोंबिवलीचे तीन जण होते. कोणती स्थळे खुली आहेत याबाबत प्रशासनाच्या ताज्या सूचना निघण्यापूर्वी पाहणे आवश्यक आहे.

अंतिम निर्णय कधी घ्यायचा?

निर्णयाचे दोन टप्पे करावेत. पहिला, दोन महिने आधी : जुन्या नोंदी पाहून ठिकाण, उंची आणि आठवडा ठरवायचा आणि रद्द करता येईल असेच बुकिंग करायचे. दुसरा, निघण्याच्या तीन-चार दिवस आधी : सात दिवसांचा अंदाज आणि त्या दिवशीचे थेट कॅमेरे किंवा ताजी छायाचित्रे पाहून जायचे की नाही ते ठरवायचे.

यात रेल्वेचा प्रवास स्वस्तात सुटका देतो. २०२५ मधल्या नियमांनुसार गाडी सुटण्याच्या ४८ तासांहून अधिक आधी पक्के तिकीट रद्द केल्यास थर्ड एसीसाठी प्रवाशामागे १८० रुपये आणि जीएसटी कापला जात असे. स्लीपरसाठी १२० रुपये. म्हणजे चौघांचे थर्ड एसीचे एका बाजूचे तिकीट रद्द करायला ७२० रुपये आणि कर लागत असे. ४८ तासांच्या आत आले की कपात भाड्याच्या २५ टक्क्यांपासून सुरू होत असे. विमानाच्या स्वस्त तिकिटात आणि अनेक ठरावीक पॅकेजमध्ये ही मुभा नसते, तिथे बरेचसे पैसे अडकतात.

म्हणून टूर एजंटला ‘बर्फ मिळेल ना?’ असे विचारून उपयोग नाही, कारण उत्तर ठरलेले आहे. त्याऐवजी तीन गोष्टी लेखी मागाव्यात. बर्फ नसेल तर वरच्या उंचीवर नेण्याची सोय पॅकेजमध्ये आहे का? गोंडोलाचा दुसरा टप्पा वाऱ्यामुळे बंद राहिला तर त्याचे पैसे परत मिळतात का? आणि निघण्याच्या चार दिवस आधी तारीख पुढे ढकलायची झाली तर किती रक्कम कापली जाईल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘पूर्ण रक्कम’ असे आले, तर जुन्या नोंदींच्या तक्त्यात आठहून कमी खुणा असलेल्या आठवड्यासाठी ते पॅकेज घेऊ नये.